सॅटचे स्कोअर: कुठल्या कॉलेजला पाठवायचे, कुठल्याला नाही?

एडिसनवाली
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आता पाणी गळ्याशी आलंय म्हणून धागाच काढतेय. लेक यंदा सीनियरला (बारावीला) आहे, २०२६ च्या फॉलसाठी अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचेत. सॅटचे, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे, दोन स्कोअर हातात आहेत, १६०० पैकी. मार्चचा १४१० (रीडिंग-रायटिंग ७२०, मॅथ ६९०) आणि ऑगस्टचा १४५० (रीडिंग-रायटिंग ६८०, मॅथ ७७०). दोन्हीतलं चांगलं चांगलं उचललं तर १४९० होतात. तर घरात माणसं तीन आणि मतं तीन. नवरा म्हणतो फक्त १४५० पाठवा, ६९० चं मॅथ कशाला कुणाला दाखवायचं, पोरीला इंजिनिअरिंगला जायचंय. लेक म्हणते जिथे स्कोअर देणं ऑप्शनल आहे तिथे काहीच पाठवायचं नाही कारण तिच्या शाळेत १५५० वाल्यांची रांग लागलीये. मला वाटतं दोन्ही पाठवावेत आणि १४९० पदरात पाडून घ्यावेत. लिस्ट सध्या अशी आहे: रटगर्स, पर्ड्यू, जॉर्जिया टेक, मिशिगन, कॉर्नेल, एनवाययू, जॉर्जटाऊन (तिथे इंजिनिअरिंग नाही हे माहितीये, तिथे कॉम्प सायन्स, मैत्रीण जातेय म्हणून लिस्टमध्ये घुसलंय) आणि यूसी सॅन डिएगो. कुणी यातनं गेलंय का? प्लीज सांगा.

रात्रपाळी
रुमाल टाकून ठेवते, शिफ्ट संपली की सविस्तर लिहिते.

तिखटमीठ
एडिसनवाली ताई, आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या म्हणजे निम्मं भांडण मिटेल. स्कोअर चॉइस म्हणजे कॉलेज बोर्ड (सॅट घेणारी संस्था) तुम्हाला तारीख निवडू देतं, सेक्शन नाही. मार्चचं फक्त रीडिंग आणि ऑगस्टचं फक्त मॅथ असं पाठवता येत नाही, तारीख गेली की आख्खी जाते. म्हणजे १४९० हवे असतील तर दोन्ही तारखा पाठवाव्याच लागणार आणि ६९० दिसणारच.

पण दिसलं तर दिसलं! सुपरस्कोअर करणाऱ्या, म्हणजे प्रत्येक सेक्शनचा सगळ्यात चांगला आकडा उचलणाऱ्या, कॉलेजात ७२० आणि ७७० एवढंच धरतात, खालचे दोन आकडे फाईलमध्ये पडून असतात. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेक दोन्हीकडे सुपरस्कोअर होतो. आणि त्यांना जास्त स्कोअर घेण्यातच इंटरेस्ट असतो हो, वर्षाच्या शेवटी त्यांनाही आपले आकडे छापायचे असतात. तुमच्या नवऱ्याला सांगा, ६९० बघून नाक मुरडणारा तिथे कुणी बसलेला नाहीये.

नदीकाठचा
+१. आणि मार्चला ६९० नंतर ऑगस्टला ७७० म्हणजे पोरगी उन्हाळ्यात बसली आणि केलं. यात लपवण्यासारखं काय आहे?

आप्पा_बळवंत
आमच्या वेळी बारावीचा निकाल लागला की एकच कागद मिळायचा, त्यावर जे असेल ते. फिजिक्स मार्चचं आणि केमिस्ट्री ऑक्टोबरचं अशी सोय असती तर मीही सीओईपीला गेलो असतो. दिवे घ्या.

बे_एरियाकर
लिस्टमधलं एक नाव तरी मी कमी करतो. यूसी सॅन डिएगोसाठी एक मिनिटही डोकं खपवू नका. यूसीची (कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीची) सगळी कॅम्पस टेस्ट ब्लाइंड आहेत, ऑप्शनल नाही, ब्लाइंड. २०२० च्या मे महिन्यात रीजंट्सनी (यूसी चालवणाऱ्या मंडळाने) सॅट बंद करायचा ठराव केला, मग कोर्टकचेरी झाली आणि २०२१ च्या तडजोडीनंतर तर बघणंच बंद. १६०० असले तरी अ‍ॅडमिशनला उपयोग शून्य, स्कॉलरशिपलाही नाही. अ‍ॅडमिशन झाल्यावर प्लेसमेंटला कदाचित उपयोग होईल तेवढाच. कॅल स्टेट या तिथल्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीनेही २०२२ मध्ये तेच केलं. इथे आमच्या ओळखीत एका घरी यूसीला रिपोर्ट पाठवायला पैसे भरले होते, कुणी सांगितलंच नव्हतं.

एडिसनवाली
धन्यवाद बे_एरियाकर, एक खुट्टी गेली. तिखटमीठ, तुम्ही म्हणता ते पटतंय पण रटगर्स, मिशिगन, एनवाययू ऑप्शनल आहेत ना, खरी मारामारी तिथेच आहे. तिथे १४९० पाठवायचे की नाही पाठवायचे?

गणिताचा_मास्तर
आता हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

प्रत्येक कॉलेज दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची एक पीडीएफ काढतं. गूगलवर कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट टाका, मिळतं. त्यात सी९ नावाचा तक्ता आहे. आलेल्या फ्रेशमन मुलांचे सॅटचे २५ वे, ५० वे, ७५ वे पर्सेंटाइल त्यात असतात. सगळे पालक तिथपर्यंत जातात, १४९० कुठे बसतो बघतात आणि पीडीएफ बंद करतात. पण त्याच तक्त्यात आणखी एक आकडा असतो, किती टक्के मुलांनी सॅट पाठवली आणि किती टक्क्यांनी एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा). तो आकडा वाचल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

कसं ते बघा. समजा एखाद्या ऑप्शनल कॉलेजचा मधला पट्टा (२५ ते ७५ पर्सेंटाइल) १४७० ते १५४० दिसतोय आणि सॅट पाठवणारे ३० टक्के, एसीटी पाठवणारे १० टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं स्कोअर न दाखवता आत आली. त्यातल्या बहुतेकांनी स्कोअर कमी होता म्हणून दाखवला नसणार. म्हणजे तो १४७० हा वर्गातल्या मुलांचा तळ नाही, स्वतःहून हात वर करणाऱ्यांचा तळ आहे. हे ऑप्शनल सुरू व्हायच्या आधीचे, म्हणजे २०२० च्या आधीचे तक्ते काढून शेजारी ठेवा, बऱ्याच ठिकाणी तेव्हाचा पट्टा खाली दिसेल. पोरं काही पाच वर्षांत एवढी हुशार झाली नाहीत, कमी स्कोअरवाले तक्त्यातून गायब झालेत एवढंच. उलट जिथे ऐंशी-नव्वद टक्के मुलं पाठवतात तिथला पट्टा खरा आहे असं समजा आणि तिथे न पाठवणारा मुलगा उठून दिसतो.

त्याच पीडीएफमध्ये सी७ पण बघा. त्यात टेस्ट स्कोअर, जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी), निबंध वगैरे कशाला किती महत्त्व देतो ते कॉलेज स्वतः टिकमार्क करून सांगतं.

माझा हिशोब असा: ऑप्शनल ठिकाणी स्कोअर ५० व्या पर्सेंटाइलच्या आसपास किंवा वर असेल तर डोळे मिटून पाठवा. २५ ते ५० च्या मध्ये असेल तर पाठवणाऱ्यांची टक्केवारी कमी आहे का ते बघून पाठवा. २५ च्या खाली असेल तर बाकी फाईल काय म्हणते त्यावर. आणि इंजिनिअरिंगला एकूण बेरजेपेक्षा मॅथ जास्त बोलतं, ते सी९ मध्ये वेगळं दिलेलं असतं. ७७० चांगलं आहे.

तिखटमीठ
मास्तर, २५ ते ५० मध्ये पाठवा हे मला नाही पटत. आमच्याकडे काउन्सेलर सरळ म्हणतात ५० च्या खाली असेल तर ऑप्शनलला देऊच नका.

रात्रपाळी
आले एकदाची. तिखटमीठ, काउन्सेलर लोकांचा तो नियम सगळीकडे चालतो पण डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये सॅट परत कंपल्सरी केली तेव्हा काय सांगितलं ते बघण्यासारखं आहे. त्यांच्याच प्राध्यापकांच्या एका गटाने त्यांच्याच अर्जांचा डेटा तपासला. त्यात निघालं की साध्या घरातली, साध्या शाळेतली शेकडो मुलं चौदाशेच्या घरातला स्कोअर असून लपवत होती, आणि तोच स्कोअर पाठवला असता तर अ‍ॅडमिशन मिळायची शक्यता वाढली असती. कारण वाचणारे लोक स्कोअर एकटा बघत नाहीत, शाळेच्या सरासरीशेजारी ठेवून बघतात. जिथे शाळेची सरासरी हजार-अकराशे तिथला १४०० म्हणजे मोठी गोष्ट. मुलांनी मात्र पर्सेंटाइल बघून घाबरून लपवला.

मी त्यावरून एवढंच म्हणते, न पाठवलेला स्कोअर म्हणजे कोरी पाटी नसते, समोरचा काहीतरी अंदाज करतोच.

नदीकाठचा
रात्रपाळी, मुद्दा बरोबर आहे पण तो आपल्या पोरांना उलटा लागतो ना! शाळेच्या सरासरीशेजारी ठेवून बघतात म्हणता, न्यू जर्सीतल्या एडिसन-प्लेन्सबोरोकडच्या शाळांची सरासरी काय असते माहितीये ना. काउन्सेलर जो स्कूल प्रोफाइल पाठवतो त्यात बऱ्याचदा शाळेचा सॅटचा आकडा छापलेला असतो. आईवडील दोघं इंजिनिअर, गणिताचा क्लास तिसरीपासून, अशा घरातल्या १४१० ला डार्टमथचं गणित कसं लागेल? साध्या घरातल्या मुलांबद्दलचा निष्कर्ष उचलून आपण आपल्या पोरांना लावायचा हे काही बरोबर नाही.

रात्रपाळी
१४१० कोण पाठवतंय, १४९० पाठवतायत. पण हो, तुमचं म्हणणं मान्य आहे, डार्टमथचा दाखला जसाच्या तसा इथे बसत नाही. तरी मला उलट वाटतं की अशा शाळेतून स्कोअर गेला नाही तर शंका जास्त येते. ज्या शाळेत झाडून सगळी मुलं सॅट देतात, पीएसएटी (सॅटची रंगीत तालीम) दहावीपासून देतात, तिथली एक मुलगी इंजिनिअरिंगला अर्ज करते आणि मॅथचा आकडाच नाही! वाचणारा काय समजेल, हिला वेळ मिळाला नाही?

नदीकाठचा
हे पटलं.

आप्पा_बळवंत
थोडं अवांतर. माझा नातू डॅलसला आहे, त्याला सॅट लॅपटॉपवर होती म्हणे आणि स्क्रीनवरच ग्राफ काढायचं यंत्र असतं. मग परीक्षा कसली?

चष्मिष
आजोबा ते डेसमॉस. आणि सोपं नाहीये हो, पहिला मॉड्यूल (भाग) चांगला गेला की दुसरा अवघड येतो, त्यात डेसमॉस येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखाच घाम फुटतो.

मी आत्ता फ्रेशमन आहे, आईच्या अकाउंटवरून लिहितोय. काकू, तुम्ही सगळे ऑफिशियल रिपोर्ट पाठवायच्या गोष्टी करताय पण आजकाल बहुतेक कॉलेजांना अर्जाच्या वेळी ते लागतच नाहीत. कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) टेस्टिंगच्या पानावर आपणच स्कोअर भरायचा, ऑफिशियल नंतर, अ‍ॅडमिशन घेताना. आणि गंमत म्हणजे कॉमन अ‍ॅप विचारतं काय, तर सगळ्यात चांगला रीडिंग-रायटिंग आणि त्याची तारीख, सगळ्यात चांगला मॅथ आणि त्याची तारीख. म्हणजे ७२० मार्च, ७७० ऑगस्ट, संपलं. काकांच्या ६९० ला तिथे जागाच नाहीये. ऑफिशियल रिपोर्टात तो दिसेल तेव्हा ती डॉर्मसाठी चादरी घेत असेल.

फक्त आकडा आणि तारीख अगदी बरोबर भरा, नंतर ऑफिशियलशी जुळवतात आणि नाही जुळलं तर अ‍ॅडमिशन काढून घेऊ शकतात. आणि ऑप्शनलवाल्या कॉलेजांचा स्वतःचा प्रश्न असतो की स्कोअर विचारात घ्यायचा का, हो/नाही. ते प्रत्येक कॉलेजच्या पानावर वेगळं असतं, ते भरायला विसरू नका. ज्यांना स्कोअर द्यायचा नाही त्यांच्यासाठी टेस्टिंगचं पान बदलून मग सबमिट करता येतं, एकाला सबमिट केलं म्हणून ते लॉक होत नाही.

एडिसनवाली
अरे चष्मिष, हे तर आम्हाला माहितीच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला मग आधीच का नाही सांगितलं. आता मी काय सांगू. आणि शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर स्कोअर येतो का?

चष्मिष
काही शाळा छापतात, खास करून शाळेतच सॅट झाली असेल तर. काउन्सेलरला विचारून काढून टाकायला सांगा, नाहीतर ऑप्शनलला तुम्ही नाही म्हणणार आणि ट्रान्सक्रिप्ट हो म्हणणार.

भरली_वांगी
जॉर्जटाऊनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तिथे वरचं काहीही चालत नाही. त्यांना स्कोअर चॉइस मान्य नाही, जेवढ्या वेळा सॅट किंवा एसीटी दिली तेवढे सगळे स्कोअर पाठवा म्हणतात. २०२६ च्या फॉलसाठी त्यांचा अर्जही कॉमन अ‍ॅपवर नाहीये. तुमच्याकडे दोनच आहेत म्हणून त्रास नाही, पण ज्यांची मुलं अजून ज्युनियरला (अकरावीला) आहेत त्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवा. सहज प्रॅक्टिस म्हणून खरी परीक्षा देऊन यायची आमच्याकडे पद्धत आहे, ती अशा ठिकाणी नडते. प्रॅक्टिस करायची तर कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक अ‍ॅपवर फुकट टेस्ट आहेत.

गणिताचा_मास्तर
भरली_वांगी, अनुमोदन. आणि नियम दरवर्षी बदलतायत, मागच्या वर्षीच्या ताईचं ऐकून यंदाच्या भावाने काही करू नये. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट परत आणली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक अशी रांगच लागली. कॉर्नेलला तुमच्याच बॅचपासून सक्ती आहे, स्टॅनफर्डलाही. येलचं आणखी वेगळं, तिथे सॅटऐवजी एपी किंवा आयबीचे (शाळेतच होणाऱ्या, कॉलेजच्या तोडीच्या विषयवार परीक्षांचे) स्कोअर चालतात, पण मग एपी दिलेल्या सगळ्या विषयांचे द्यावे लागतात, पाचपैकी पाच मिळालेले तेवढेच निवडून नाही. कोलंबिया मात्र ऑप्शनलच. कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर जे लिहिलंय तेच खरं, यूट्यूब नाही, रेडिट नाही आणि मी पण नाही.

तिखटमीठ
पैशाचं पण कुणी बोला. आपल्याकडे स्कोअर म्हटलं की फक्त अ‍ॅडमिशनचा विचार होतो. बऱ्याच ठिकाणी मेरिट स्कॉलरशिप स्कोअरवर मिळते. अलाबामा युनिव्हर्सिटीत तर बाहेरच्या राज्यातल्या मुलांनाही जीपीए आणि सॅटचा तक्ता लावून आपोआप पैसे मिळतात. ऑप्शनल म्हणून स्कोअर दिला नाही, अ‍ॅडमिशन मिळाली आणि पैसे मात्र हुकले असं व्हायला नको. ऑनर्स कॉलेजचं (हुशार मुलांच्या वेगळ्या तुकडीचं) तेच. बीएस-एमडीवाल्यांनी (कॉलेज आणि डॉक्टरकीची एकत्रच अॅडमिशन घेणाऱ्यांनी) तर बघायचंच, त्यातल्या बऱ्याच प्रोग्रामना कॉलेज ऑप्शनल असलं तरी स्कोअर लागतो.

पुणेरी_आई
धागा वाचतेय, आमचा मुलगा कोथरूडमधून अर्ज करतोय, स्टेट बोर्डाची बारावी. सॅट १५००, एकदाच दिली. आमचे काउन्सेलर म्हणाले की भारतातल्या मुलांचा १५०० म्हणजे काहीच नाही, १५५० च्या खाली ऑप्शनलला पाठवू नका, परत द्या. आणि दुसरीकडे आत्ताच पंधरा कॉलेजांना ऑफिशियल रिपोर्ट पाठवून ठेवा म्हणाले. एका रिपोर्टचे आपले बाराशे-तेराशे रुपये होतात. दोन्ही एकदम कसं काय?

नदीकाठचा
पुणेरी_आई, तो सल्ला मला तरी अजिबात पटला नाही. स्टेट बोर्डाच्या मुलाला सॅटचा उपयोग इथल्या मुलांपेक्षा जास्त आहे. तिकडे बसलेल्या माणसाला एचएससीचे ८४ टक्के म्हणजे चांगले की बरे हे कळायला कष्ट पडतात, सॅटचा १५०० त्याला लगेच कळतो. पर्सेंटाइल बघा आणि पाठवा. १५५० हवेत म्हणून डिसेंबरपर्यंत परीक्षा देत बसला तर निबंध कोण लिहिणार आणि बारावीचा अभ्यास कधी होणार?

रात्रपाळी
आणि पंधरा रिपोर्ट आत्ता नकाच पाठवू. प्रत्येक कॉलेजला सेल्फ रिपोर्ट (आपणच भरलेला स्कोअर) चालतो का बघा, जिथे ऑफिशियलच हवा तिथेच पैसे भरा. नोंदणी केल्यापासून परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार रिपोर्ट फुकट असतात, पण त्यात एक मेख आहे, ते निवडायचे तेव्हा स्कोअर कळलेला नसतो. त्यामुळे फुकट आहेत म्हणून स्वप्नातल्या कॉलेजची नावं घालू नका, सगळे स्कोअर मागणारी किंवा सेफ्टीवाली (जिथे नक्की मिळेल अशी) घाला.

एडिसनवाली
काल रात्री तिघं सी९ घेऊन बसलो, अकराला सुरू केलं आणि एक वाजला. मास्तर तुमचे आभार, नवऱ्याने एक्सेल पण बनवलं. ठरलं ते असं. पर्ड्यू, जॉर्जिया टेक आणि कॉर्नेलला द्यावाच लागतो, तिथे कॉमन अ‍ॅपवर ७२० आणि ७७०. रटगर्सला पण देतोय, तिथे तर वादच नाही. जॉर्जटाऊनला दोन्ही तारखा. यूसीला काही नाही. मिशिगनवर घासाघीस झाली, १४९० मध्याच्या जवळपास दिसतोय आणि मॅथ चांगलं आहे म्हणून देणार. एनवाययूवर मात्र लेक अडून बसली, तिथे पाठवणारे कमी आणि पट्टा वर, ती म्हणते तिथे माझे निबंध आणि रोबोटिक्स बघू देत. मला अजून वाटतं द्यावा. पण अर्ज तिचा आहे, तिथे नाही देणार. ऑक्टोबरला परत द्यायची का हा प्रश्न तिने स्वतःच निकालात काढला, म्हणाली नाही म्हणजे नाही.

गणिताचा_मास्तर
एनवाययूचा तिचा तर्क अगदीच चूक नाही. मी दिला असता पण भांडलो नसतो.

तिखटमीठ
मी भांडले असते. पण असो, शुभेच्छा लेकीला!

पुणेरी_आई
सगळ्यांचे आभार, आम्ही १५०० सगळीकडे देतोय आणि परत परीक्षा नाही. एकच राहिलं, दोन कॉलेजांना ऑफिशियल हवाय, तिथे पोर्टलवर स्कोअर मिळाला नाही असं दाखवतंय, कॉलेज बोर्डवर तर पाठवला असं दिसतंय. आठवडा होऊन गेला.

भरली_वांगी
नाव बघा. आपल्या मराठी नावांचा हा नेहमीचा घोळ आहे. पासपोर्टवर मुलाचं, वडिलांचं आणि आडनाव असतं, कॉलेज बोर्डच्या अकाउंटवर पोरांनी नुसतं नाव आणि आडनाव टाकलेलं असतं आणि कॉमन अ‍ॅपवर वडिलांचं नाव कधी फर्स्ट नेमला चिकटतं कधी मिडलमध्ये जातं. मग कॉलेजकडे स्कोअर पोचतो पण त्याच्या फाईलला लागत नाही. जन्मतारीख पण तपासा, इथे आधी महिना लिहितात. दोन्हीकडे सारखं करा आणि अ‍ॅडमिशन ऑफिसला कॉलेज बोर्डचा नंबर देऊन ईमेल करा, हाताने जोडून देतात.

पुणेरी_आई
अगं हो, कॉमन अ‍ॅपवर वडिलांचं नाव आहे आणि कॉलेज बोर्डवर नाहीये! आत्ताच ईमेल करायला बसवते त्याला.